वरकस जमिनीवरचे मांडव

मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता वडखळचा नाका मागे टाकून नागोठण्याच्या दिशेने निघाला म्हणजे वाटेत कासू हे गाव लागते. पेण तालुका संपून रोहे तालुका सुरू होण्याच्या अलीकडचा हा मुलूख. येथे दोन अगदी निरनिराळ्या जमिनी एकमेकींना लागून आहेत. पश्चिमेस अंबा नदी आणि धरमतरची खाडी यांच्या काठचा खारपाट. बांध घालून समुद्र मागे सारायचा आणि गोड्या पाण्यावर भात पिकवायचे, ही तेथील शेती. पूर्वेस डोंगर, आणि त्याच्या उतारावर व पायथ्याशी ठाकूर आणि कातकरी यांच्या वाड्या. भात पिकते ते खाचर. ज्यात पाणी उभे राहत नाही ती उताराची हलकी जमीन म्हणजे वरकस. ज्याच्याकडे खाचर तो शेतकरी आणि ज्याच्याकडे फार तर वरकस तो गरीब, असा कोकणातला जुना हिशेब आहे.

या हिशेबात अलीकडच्या काळात एक फरक पडला आहे. श्रावण-भाद्रपदात या उतारांवर काकडी, शिराळी, कारली, पडवळ, दुधी यांचे वेल मांडवांवर चढलेले दिसतात. कर्नाळ्यापासून नागोठण्यापर्यंत हमरस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी आदिवासी बायका काकड्यांचे ढीग लावून बसतात. मोटार थांबते, दोन-चार वाटे पिशवीत पडतात आणि मोटार पुढे जाते. शहरातला माणूस म्हणतो, "आदिवासी सुधारला, बाजाराची शेती करू लागला." या वाक्यात कौतुक आहे, पण त्यात असेही गृहीत धरलेले आहे की, इतके दिवस त्याला ही अक्कल नव्हती आणि आता ती आली. हे गृहीत इतिहासाला कितपत धरून आहे, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

आदिवासी बाई बाजाराला नवीन नाही, ही पहिली गोष्ट. पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारात मृगाच्या आधीपासून शेवळांच्या जुड्या येतात, मागाहून टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली, बांबूचे कोंब येतात. हे सारे रानातून खुडून डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या कातकरी आणि ठाकूर बायकाच होत. कोणती भाजी कोणत्या पंधरवड्यात निघते, शेवळांबरोबर काकडे दिली नाहीत तर गिऱ्हाईक घेत नाही, कोणत्या आळीत कोणत्या दिवशी मांसाहार वर्ज्य असतो, हे त्यांना पक्के ठाऊक असते. ऋषिपंचमीस तर बैलाच्या कष्टाचे अन्न चालत नाही. त्या दिवशी हातकुदळीच्या बळावर पिकलेली भाजी शहरातली व्रतस्थ बाई शोधत असते. ती भाजी पुरवणारी बाजूस बसलेली असते, तिच्या नावाची चौकशी मात्र कोणी करीत नाही. तेव्हा विकण्याची विद्या जुनीच आहे. विकण्यासाठी पेरण्याची सवय का नव्हती, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर माणसाच्या बुद्धीत शोधू नये, जमिनीच्या कागदात शोधावे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या डोंगरांतील शेती फिरती होती. झाडांच्या फांद्या आणि पालापाचोळा तोडून पसरायचा, उन्हाळ्याच्या शेवटी जाळायचा, आणि त्या राखेत पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग तीळ किंवा खुरासणी घ्यायची. जमीन थकली की ती रानाला परत द्यायची आणि पुढे सरकायचे. या तुकड्याला दळी म्हणत. कातकऱ्यांचा तर मूळ धंदाच वेगळा होता. खैराच्या लाकडाचा काथ काढणारा तो काथोडी किंवा कातकरी, असे नावावरूनच दिसते. काथ, मध, लाकूडफाटा आणि शिकार यांवर त्याचा संसार चाले. शेती हा जोडधंदा.

पुढे मुंबई वाढली. १८५३ साली आगगाडी सुरू झाली, त्याच दशकात कापडाच्या गिरण्या निघाल्या, आणि रुळांखालच्या लाकडापासून घरच्या चुलीपर्यंत सर्वांसाठी जवळची जंगले तुटू लागली. जंगल मोलाचे झाले तेव्हा सरकारने ते आपल्या ताब्यात घेण्याचे ठरविले. १८६५ साली पहिला आणि १८७८ साली अधिक कडक असा दुसरा जंगल कायदा झाला. राखीव जंगलात खैर तोडणे हा गुन्हा ठरला आणि काथ काढणाऱ्याचा धंदा त्याच्या नावापुरताच उरला. १८८३ साली निघालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये काथोड्यांचे वर्णन आहे. परंतु ज्या कायद्याने त्यांच्या धंद्यावर घाला घातला तो नुकता पाच वर्षांचा होता, हे लक्षात ठेवून ते वाचावे लागते.

सरकारने दळी सर्वस्वी बंद केली नाही. कुलाब्यात काही जंगल-तुकडे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या गटांना कसण्यासाठी नेमून दिले. परंतु तुकडा गटाचा, नोंद पुष्कळदा गटाच्या नायकाच्या नावाची, आणि जमीन जंगलखात्याची. कसणाऱ्या प्रत्येकाचे नाव सातबाराच्या उताऱ्यावर चढले नाही. वर्षानुवर्षे एकच कुटुंब एकच तुकडा कसते आहे, शेजाऱ्यांस त्याची शीव तोंडपाठ आहे, पण कागदाला ते कुटुंब माहीत नाही, अशी ही स्थिती. कातकऱ्यांची तर याहून वाईट. त्यांच्या कित्येक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या. घराखालची जमीनही आपली नाही, मग शेताची गोष्ट कशाला?

जंगलाच्या या कोंडीविरुद्ध कुलाब्यात आवाज उठलाच नाही असे नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यातील हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी याचे नाव आहे. स्वातंत्र्याच्या इतिहासात आपण ते आदराने घेतो. पण ज्या जंगलासाठी तो उभा राहिला त्याचा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे तसाच राहिला. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषिदिन यांनी कोकणातील पुष्कळ कुळांना जमिनीचे मालक केले, ही फार मोठी गोष्ट झाली. पण कूळ असल्याचा पुरावा ज्याच्यापाशी, त्यालाच ती लाभली. मजूर म्हणून राबणाऱ्याकडे आणि जंगलाच्या जमिनीवर कसणाऱ्याकडे तो पुरावा कोठून येणार?

आता पिकाकडे वळू. प्रत्येक पीक शेतकऱ्याकडे काही काळाची हमी मागते. आंब्याचे कलम चार-पाच वर्षे काही देत नाही आणि पुढे तीस-चाळीस वर्षे देते. ते लावणाऱ्याला जमीन आपल्या नातवाला मिळेल असा भरवसा असावा लागतो. भाताच्या खाचराला बांधबंदिस्ती लागते. तिचा खर्च एका हंगामात निघत नाही. उलट काकडीचा वेल पेरल्यापासून पंचेचाळीस-पन्नास दिवसांत फळ देऊ लागतो. भेंडी तशीच, शिराळी, कारली, दुधी यांना आठ-पंधरा दिवस अधिक. ज्याला पुढच्या वर्षाची खात्री नाही, त्यालासुद्धा दोन महिन्यांची खात्री धरता येते. उद्याचा भरवसा नसलेल्या माणसाने पेरावे असे भाजी हे पीक आहे, आणि ज्यांच्यापाशी कागद नव्हता त्यांनी बागेच्या आधी भाजी का धरली, याचे कारण मला यातच दिसते.

वरकस जमिनीचा दोषही येथे गुण ठरतो. या भागात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. खाचरात पावसाळ्यात भाताखेरीज काही तगत नाही. वेलाची मुळे साचलेल्या पाण्यात कुजतात. उतारावर पाणी थांबत नाही. डोंगरातल्या कारवीच्या काठ्या आणि बांबू यांचा मांडव उभा केला, वेल वर चढवला, की फळ चिखलापासून सुटते, हवा खेळते आणि कीड थोडी कमी लागते. ज्या जमिनीला गावाने कमी लेखले, तीच भर पावसात भाजी देऊ शकते.

पण पीक निघाले म्हणजे विकले गेले असे नव्हे. भाजी नाशवंत; तिला रस्ता हवा. पेणचा माल पूर्वी अंतोऱ्याच्या बंदरातून आणि नागोठण्याचा माल अंबेच्या खाडीतून गलबताने मुंबईस जाई. मीठ आणि भात यांना तो मार्ग सोयीचा होता. भरती-ओहोटीची वाट पाहणे काकडीला परवडणारे नव्हते. वसईच्या बागाईतदारांना एकोणिसाव्या शतकातच आगगाडी मिळाली आणि त्यांची भाजी-केळी मुंबईच्या ताटात पोहोचली. कुलाब्याला त्यासाठी शंभर वर्षे अधिक थांबावे लागले. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला आणि मुंबई मोटारीने जवळ आली. १९८१ साली कुलाब्याचे नाव रायगड झाले. १९८६ साली आगगाडी आपट्याहून पुढे रोह्यापर्यंत आली आणि कासूला स्टेशन मिळाले. १९९६ साली मुंबईचा घाऊक भाजीबाजार भायखळ्याहून वाशीस हलला, म्हणजे खाडी न ओलांडता गाठता येईल अशा जागी आला. मधल्या काळात नागोठण्यास आणि रोह्याजवळच्या धाटावला कारखाने उभे राहिले. त्यांच्या कामगारांच्या वसाहतींना रोज भाजी लागू लागली. रस्ता, गाडी आणि गिऱ्हाईक ही तिन्ही अशी एकेक करून डोंगराच्या पायथ्याशी आली. ती आल्यावर मांडव उभे राहिले. आधी राहिले नाहीत, यात कोणाचा आळस शोधण्याचे कारण नाही.

येथवरचा भाग जमिनीचा आणि रस्त्याचा झाला. माझ्या मते या विषयाचे मर्म याहून निराळ्या ठिकाणी आहे, आणि ते पंचांगात सापडते.

कातकरी कुटुंबाचे वर्ष कसे जाते ते पाहा. पावसाळ्यात लावणीचे काम मिळते. ते आटोपले की श्रावणापासून भात कापणीला येईपर्यंत हाताला काम नाही आणि घरात दाणा नाही. याच महिन्यांत वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा मुकादम वाडीत येतो. तो उचल देतो. गणपतीचा सण, आजारपण, घराचे गळके छप्पर, एखादे लग्न, यांसाठी माणूस ती अंगावर घेतो. दिवाळी झाली की सारे कुटुंब, मुलाबाळांसकट, भट्टीवर जाते आणि पाऊस तोंडावर आला म्हणजे परत येते. हिशेब मालकाच्या वहीत. फिटले तर नशीब. नाही फिटले तर बाकी पुढच्या वर्षावर. मुलांची शाळा दिवाळीनंतर बंद पडते. १९७६ साली वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला. परंतु जेथे माणूस स्वतःहून अंगठा देतो तेथे कायद्याचा हात सहजासहजी पोहोचत नाही. भुकेच्या महिन्यात दिलेला अंगठा कितपत स्वतःहून दिलेला असतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता त्या पंचांगात काकडी मांडून पाहा. पहिला पाऊस पडला की जूनच्या मध्यावर बी टोकायचे. ऑगस्टच्या सुरुवातीस पहिली तोडणी. पुढे एक दिवसाआड तोडा, आणि तो सप्टेंबरअखेरपर्यंत चालतो. म्हणजे ज्या महिन्यांत मुकादम वाडीत येतो, नेमक्या त्याच महिन्यांत घरात रोज थोडे रोख पैसे येतात. श्रावणात शहर मांसाहार सोडते, पुढे गणपती येतात, भाजीची मागणी वाढते. रक्कम मोठी नसते. एखाद्या गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या मांडवावर कोणी धनवान होत नाही. पण मुकादमाला "यंदा नको" असे म्हणण्यापुरती ती असली, तरी त्या कुटुंबाचे सगळे वर्ष बदलते. दिवाळीनंतर ते घरी राहते. घरी राहिले म्हणजे भाताच्या ओलीवर वाल पेरता येतो, मूल शाळेत जाते, ग्रामसभेत माणूस हजर असतो आणि जमिनीच्या दाव्यावर सही करायला घरात कोणी असते. भाजीची किंमत बाजारात किलोवर ठरते. वाडीत ती अशी ठरते.

जमिनीच्या दाव्याचा उल्लेख आला, तेव्हा त्याविषयीही सांगितले पाहिजे. डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्कांचा कायदा संमत केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंतच्या प्रत्यक्ष कसणुकीचा हक्क मिळावा, तो पती आणि पत्नी दोघांच्या नावे असावा, वारसाने चालावा, पण विकता येऊ नये, असे त्यात आहे. दावा प्रथम ग्रामसभेपुढे जातो. रायगडातील दळीधारकांनीही या कायद्याखाली दावे केले; त्यामागे पेण-रोहे भागातील आदिवासींच्या संघटनांची अनेक वर्षांची खटपट होती. जेवढी जमीन कसतो तेवढी पदरात पडली नाही, अशी तक्रार पुष्कळांची राहिली. तरी शंभराहून अधिक वर्षांनंतर डोंगरातल्या बाईचे नाव जमिनीच्या कागदावर चढले, ही घटना लहान मानता येणार नाही. कागद हाती आला म्हणजे पिकाचाही विचार बदलतो. मांडवाच्या कडेने आंबा-काजूची कलमे लागली तर समजावे की, त्या घराचा भरवसा दोन महिन्यांवरून तीस वर्षांवर गेला.

याच वाटेचा एक अनुभव आपल्या राज्यातच उत्तरेस आहे. 'बायफ' या संस्थेने १९८२ साली गुजरातेतील वांसदा भागात एक एकराच्या वाडीचा प्रयोग सुरू केला आणि पुढे तो जव्हारकडे, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, आणला. आंबा-काजूची कलमे लावायची आणि ती फळाला येईपर्यंत मधल्या जागेत भाजी घ्यायची, अशी ती रचना. भाजीने आजचे भागवायचे आणि बागेने उद्याचे. परंतु तेथे कुटुंबाच्या स्वतःच्या नावाची जमीन हा पाया होता. तो जेथे नाही तेथे रोपे वाटून बाग होत नाही.

परदेशातला दाखला याच्या उलट बाजूचा आहे. थायलंडच्या उत्तरेकडील डोंगरांत १९६९ साली राजे भूमिबोल यांच्या पुढाकाराने अफूऐवजी भाजीपाला आणि फळे लावण्याचा प्रकल्प सुरू झाला. डोंगरी लोकांनी कोबी उत्तम पिकवला. पण जमिनीचा हक्क त्यांना धड मिळाला नाही; पुढे खालच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी पाणी तोडल्याचा आणि रान उजाडल्याचा दोष त्यांच्याच माथी मारला. पीक बदलले, बाजार मिळाला, तरी हक्कावाचून माणूस आपल्याच डोंगरावर उपरा राहू शकतो, हे तेथे दिसून आले.

श्रोतेहो, हे सारे ऐकून कोणी असा निष्कर्ष काढू नये की, मांडव उभा राहिला आणि दुःख संपले. भाजीला स्वतःचे धोके आहेत. एक आठवडा झड लागली तर फूल गळते. केवडा आणि फळमाशी एका तोड्याचे उत्पन्न खाऊन टाकतात. वानर आणि डुक्कर यांना पहारा लागतो. घरच्या बियाण्याऐवजी पाकिटातले संकरित बी आले, त्याबरोबर खत आले, औषध आले, आणि ते उधार देणारा व्यापारी आला. माल त्यालाच द्यायचा, भाव तो म्हणेल तो. मुकादमाच्या वहीतून सुटलेला माणूस व्यापाऱ्याच्या वहीत जाऊन पडला, तर वही बदलली एवढेच. २०१६ साली राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला. पण शंभर काकड्यांची पाटी घेऊन एकट्याने वाशी गाठणे कायद्याने सोपे होत नाही. त्यासाठी वाडीने मिळून गाडी करावी लागते.

दुसरी काळजी ताटाची. नाचणी आणि वरी या पिकांनी या लोकांना कितीतरी पिढ्या जगविले. भाजीच्या मांडवाने नाचणीची जागा घेतली, सारी भाजी रस्त्यावर विकली गेली, आणि त्या पैशातून नुसता तांदूळ घरात आला, तर पोराच्या अंगावर मूठभर मांस चढणार नाही. कातकरी ही केंद्र सरकारने विशेष दुर्बल मानलेल्या महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी एक आहे, कोलाम आणि माडिया गोंड यांच्या बरोबरीने. त्यांच्यापुढे उत्पन्न आणि आहार हे दोन प्रश्न वेगवेगळे मांडता येत नाहीत.

तिसरी काळजी जमिनीचीच, फिरून एकदा. रस्त्याने बाजार जवळ आणला, तसा गिऱ्हाइकाबरोबर जमिनीचा दलालही आणला. २००६ नंतरच्या काळात पेण, उरण, पनवेल भागांत महामुंबई सेझसाठी जमीन घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील बावीस गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले होते, हे आपणांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. तो प्रकल्प झाला नाही. पण खाचराच्या मालकाला निदान विचारले गेले. वरकस उतारावर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याचे नाव कागदावर नसेल, तर त्याला विचारण्याचेही कोणास कारण पडत नाही.

इतिहासाने आपल्याला येथे एक साधी गोष्ट शिकवली आहे. या डोंगरातल्या माणसाने प्रत्येक वेळी हाती असलेल्या हमीइतकेच पीक घेतले. रान मोकळे होते तेव्हा दळी केली, रान बंद झाले तेव्हा भट्टीवर गेला, रस्ता जवळ आला तेव्हा काकडी लावली. प्रत्येक पाऊल त्याच्या परिस्थितीत शहाणपणाचेच होते. यापुढे त्याने काय लावावे हे शिकवायला जाण्याआधी, त्याला किती वर्षांची हमी आपण दिली आहे, हे पाहणे बरे. आणि शहरातल्या माणसाला एवढे तर सहज करता येईल: श्रावणात रस्त्याच्या कडेला काकडी घेताना पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. त्या पैशांवर दिवाळीनंतर एखादे मूल शाळेत राहील की भट्टीवर जाईल, हे अवलंबून असण्याचा संभव आहे.